नाताळचा फराळ



डिसेंबरच्या अंकासाठी आमच्याकडून दरवर्षी चार ओळी मागितल्या जातात आणि दरवर्षी आम्ही सहामाहीचा निकाल, स्नेहसंमेलन आणि मुलांना स्वेटर घालून पाठवण्याची विनंती एवढ्यावर आटोपते घेतो. यंदा थोडे वेगळे लिहीत आहोत. विषय खाण्याचा आहे, त्यामुळे मुले तरी शेवटपर्यंत वाचतील अशी आशा आहे.

आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. शाळेत २५ डिसेंबरला ‘बडा दिन’ म्हणत, घरी आई ‘नाताळ’ म्हणे. हे दोन निरनिराळे सण आहेत असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून मराठीत आला हे पुष्कळ उशिरा कळले. पण नावे दोन असली तरी आमच्या डोळ्यांपुढे चित्र एकच होते : बेकरीच्या काचेमागचा केक. या समजुतीपायी आमच्या हातून एक चूक घडली. ती आजवर कार्यालयाबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. २४ डिसेंबरला शाळेत नाताळचा कार्यक्रम होता. पालकांच्या आग्रहावरून बिनअंड्याचा केक मागवला होता. एका शिक्षकांना लाल झगा आणि कापसाची दाढी लावून उभे केले होते. आम्ही भाषणात म्हणालो, ‘‘मुलांनो, जसा आपला दिवाळीचा फराळ, तसा ख्रिस्ती बांधवांचा केक.’’ टाळ्या पडल्या. कार्यक्रम आटोपल्यावर सहावीतली एक मुलगी स्टीलचा डबा घेऊन कार्यालयात आली. तिचे घराणे मूळ अहमदनगरकडचे, मराठी ख्रिस्ती. (२०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. आपल्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी त्याच जिल्ह्यातले, हे इंदूरच्या मुलांना वेगळे सांगायला नको.)

‘‘सर, आजीनं दिलंय.’’

डब्यात करंज्या आणि चकल्या होत्या. आम्ही हसून विचारले, ‘‘अरे वा, दिवाळीचं अजून शिल्लक आहे?’’

‘‘नाही सर, नाताळचं आहे. कालच केलंय.’’

डबा काठोकाठ भरलेला होता. म्हणजे वर्गात कुणीच त्यातले घेतले नव्हते. एवढे तरी त्या क्षणी आमच्या लक्षात यायला हवे होते. तिने डबा पुढे केला आणि आमचा हात काही उचलला जाईना. तळण कशातले असेल, अंडे तर नसेल, असे काहीबाही मनात आले. करंजीत अंडे कोण घालतो? खरे कारण कुणाच्या हातचे हे होते, आणि ते आम्ही स्वतःशीदेखील बोललो नाही. तोंडाने म्हणालो, ‘‘बाळ, आज आमचा उपास आहे. चतुर्थी.’’

ती म्हणाली, ‘‘मग चंद्र उगवल्यावर खा, सर. करंज्या टिकतात.’’

त्या दिवशी चतुर्थी नव्हती.

डबा आम्ही सेवकाच्या हाती दिला. सुट्टी संपल्यावर त्याने तो धुऊन, पुसून मुलीला परत केला आणि आम्हाला येऊन सांगितले, ‘‘साहेब, करंजी फार खुसखुशीत होती.’’

त्या सुट्टीत आम्ही जगभरच्या नाताळच्या स्वयंपाकाविषयी वाचायला बसलो. केकची माहिती काढून पुढल्या वर्षीचे भाषण सुधारावे एवढाच हेतू होता. पण वाचताना पानोपानी उपास भेटू लागला. उपासाची थाप मारलेल्या माणसाला हे वाचन जरा जडच गेले.

पोलंडचेच पाहा. तिथे मोठे जेवण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असते. दिवसभर फार काही खायचे नाही आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की मगच पानावर बसायचे. मुलांना खिडकीशी चांदणी शोधायला उभे करतात. आपल्याकडे संकष्टीला गच्चीवर कोण धावते ते आठवा. टेबलावरच्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, कारण येशूचा जन्म गोठ्यातला. आधी एक पातळ पांढरी पापडीसारखी पोळी सगळ्यांनी एकमेकांच्या हातातून मोडून खायची, शुभेच्छा द्यायच्या, मग पदार्थ बारा. मांस एकातही नाही. बिटाचे सार, कोबी, आळंबी आणि मासे. मासे उपासाला कसे, असे मुले विचारतील. आपल्याला साबुदाणा चालतो तसे त्यांना मासे चालतात. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेला, तरी इंदूरच्या खिचडीला उपास मोडल्याचे कुणी म्हणत नाही. चर्चने आता मांसबंदीची सक्ती ठेवलेली नाही, पण बहुतेक घरे अजून पाळतात. आणि टेबलावर एक पान जास्तीचे मांडलेले असते, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. कुणीही येवो.

हे पोलिश लोक आपल्यापासून फार दूरचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे इथल्या छावणीत राहिले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. त्यांची तिथे शाळा होती, चर्च होते. चार-पाच नाताळ त्यांनी करवीरच्या आकाशाखाली काढले. कुणाच्या तरी मांडलेल्या जास्तीच्या पानावर ही माणसे बसली, असे आम्हाला वाटते.

पोलंडच्या पूर्व भागात आणि युक्रेनमध्ये या जेवणाची सुरुवात ‘कुत्या’ने होते. अख्खे गहू भिजवून, मऊ शिजवून त्यात वाटलेली खसखस आणि मध घालायचा, वर अक्रोड. म्हणजे जवळपास आपली गव्हाची खीर, फक्त दूध-गूळ वगळून. युक्रेनमध्ये कुत्याचे भांडे आणि चमचे पुष्कळ घरांत रात्री तसेच टेबलावर ठेवतात. घरातली जी माणसे गेली ती त्या रात्री येऊन जेवतात असे मानतात. श्राद्धाच्या खिरीचे पान आमच्या आई गच्चीवर ठेवत आणि कावळा शिवेपर्यंत कुणाशी बोलत नसत. ख्रिस्ती सणाच्या पुस्तकात आम्हाला आमच्या आई भेटल्या.

इथिओपियात नाताळ ७ जानेवारीला येतो, त्याला ‘गन्ना’ म्हणतात. त्याआधी ४३ दिवस मांस, दूध, लोणी, अंडी सगळे वर्ज्य. डाळी आणि भाज्यांवर दिवस काढायचे. मग सणाच्या दिवशी ‘दोरो वॉत’ : ढीगभर कांदा तासन्‌तास परतून, तिखट मसाला आणि मसाला घालून कढवलेले तूप वापरून केलेला कोंबडीचा रस्सा, त्यात सोललेली उकडलेली अंडी. खाली पसरलेली असते ती इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली, आंबोळीसारखी जाळीदार पण परातीएवढी. एकाच इंजेराभोवती घर बसते. जवळच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा ‘श्टोलेन’ हा आज सुकामेवा आणि लोण्याने जड झालेला गोड पाव, वरून पिठीसाखर. पण तोही मूळचा उपासाचा. नाताळपूर्वीच्या उपासात लोणी वर्ज्य असल्याने तो तेलात करत आणि फार बेचव होई. अखेर १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून लोणी वापरण्याची सवलत दिली, अर्थात त्यासाठी पैसे भरायचे होते. उपासाला भेंडी चालते का, कोथिंबीर चालते का, यावर आमच्या घरी होणारी चर्चा रोमपर्यंत गेली नाही एवढाच फरक.

बाकीचे भराभर सांगतो. डेन्मार्कमध्ये नाताळला तांदळाची थंड खीर करतात. तिच्यात बदामाचे तुकडे आणि एकच अख्खा बदाम. तो ज्याला मिळेल त्याला बक्षीस. हुशार मुले बदाम गालात दडवून ठेवतात, म्हणजे बाकीचे शोधत राहतात आणि पोट दुखेपर्यंत खातात. (हा प्रयोग शाळेच्या डब्यात करू नये.) फिलिपीन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर पहाटेची प्रार्थना असते आणि चर्चबाहेर केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून तांदळाचा ‘बिबिंगका’ भाजतात. गोव्यातल्या बेबिंक या पदार्थाशी नाव जुळते, पदार्थ मात्र निराळा. जपानमध्ये ख्रिस्ती माणसे अगदी थोडी, पण १९७४ मध्ये एका अमेरिकी कंपनीने केलेल्या जाहिरातीनंतर नाताळला तळलेली कोंबडी खाण्याची पद्धत तिथे पडून गेली. आमच्या भाषणातला केक याच जातीचा होता, दुकानातून थेट सणात आलेला.

पण केकलाही आपल्याकडे घर मिळाले आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. केरळात तलश्शेरीला १८८३ मध्ये मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक मम्बळ्ळी बापू यांना दाखवला आणि असा करून द्या म्हणाला. बापूंनी परदेशी ब्रँडीच्या ठिकाणी गावचीच दारू वापरली आणि केक जमवला. अलाहाबादेत, म्हणजे आताच्या प्रयागराजला, नाताळच्या केकमध्ये पेठा पडतो, संत्र्याचा मुरब्बा पडतो, लोण्याऐवजी तूप आणि वर बडीशेपेचा वास. घरचे लोक सामान घेऊन बेकरीत जातात आणि पुढ्यात भाजून आणतात. आम्ही हिंदी प्रदेशात वाढलो, पेठा हजार वेळा खाल्ला, आणि हे आम्हाला माहीत नव्हते.

आता करंजी. पोर्तुगालमध्ये नाताळला ‘अझेव्हिया’ करतात. पारी लाटायची, आत काबुली चण्याचे किंवा रताळ्याचे गोड पुरण भरायचे, अर्धचंद्र दुमडायचा, तळायचा आणि वर साखर-दालचिनी भुरभुरायची. गोव्यात नेवरी होते, हिंदू घरात चवथीला आणि ख्रिस्ती घरात नाताळला. दोन्ही वेळा ती शेजाऱ्याकडे पोहोचते. आमच्या माळव्यात होळीला गुझिया, गुजरातेत दिवाळीला घुघरा, आंध्रात कज्जिकायलू. कुणी कुणाकडून घेतली या वादात आम्ही पडत नाही. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंजी, चकली, चिवडा, शंकरपाळे असा साग्रसंगीत फराळ होतो. माणसांनी प्रार्थना बदलली, म्हणून सोऱ्या कुणी फेकून दिला नाही.

हे वाचून झाल्यावर आम्ही घरी सगळा प्रकार सांगितला. आमच्या सौभाग्यवतींनी उपासाबद्दल एक शब्द काढला नाही. एवढेच विचारले, ‘‘आणि डबा रिकामा परत केलात?’’

संक्रांतीला आम्ही तिळाचे लाडू घेऊन त्या मुलीची वाट पाहत शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो. न्यायला तिची आजीच आली होती. नऊवारी, हातात कापडी पिशवी. लाडू घेतले, ‘गोड बोला’ म्हणाल्या आणि मग विचारले, ‘‘सर, करंज्यांत यंदा खसखस जरा जास्त झाली होती का हो? आमच्या नातीला वाटत होतं.’’

आम्ही म्हणालो, ‘‘नाही, नाही, अगदी बेताची होती.’’ तिळगूळ हातात असताना ही दुसरी थाप.

पुढल्या डिसेंबरात आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. केक होता, पण तो मागे फडताळावर. समोर पाच डबे. आजी मोहनासाठी तूप किती कडक तापवायचे ते आमच्या सौभाग्यवतींना सांगत होत्या आणि आम्ही तिसरी करंजी उचलली होती. तेव्हा धीर करून गेल्या वर्षीचे सगळे सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला कळलं होतं. घरी कॅलेंडर आहे ना.’’ आणि चकलीचा डबा पुढे सरकवला.

ती मुलगी आता शाळेतून पास होऊन गेली. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या.

यंदा २४ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी शाळेतर्फे केक मागवलेला नाही. ज्या घरी नाताळ असतो त्यांनी आपल्या घरी जे होते ते, जमेल तेवढे पाठवावे, आणि बाकीच्या घरांनी एकेक रिकामी न जाणारी वाटी. पदार्थात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहावे, ज्याला जे चालते ते त्याने घ्यावे, बळजबरी कुणावर नाही. डब्यावर नाव आणि इयत्ता घालावी, म्हणजे परत करताना घोटाळा होणार नाही. त्या दिवशी प्राचार्यांचा उपास नाही.