नाव दुसऱ्यांचे

एखादा वाद्यवृंद फुटला, की मी आधी दोन गोष्टी शोधतो: पैशाचा तंटा आणि नावाचा हव्यास. बहुधा त्या सापडतातच! पीटर ग्रीनपाशी मात्र माझा हा ठोकताळा उलटा पडतो.

या गिटारवादकाने १९६७ साली लंडनमध्ये ‘फ्लीटवुड मॅक’ हा बँड उभा केला. नाव कोणाचे? ड्रमवाल्या मिक फ्लीटवुडचे आणि बास गिटारवाल्या जॉन मॅकव्हीचे. मॅकव्ही तर तेव्हा यायचासुद्धा होता! पुढे कीर्ती आली, पैसा आला; तसा पीटर म्हणू लागला, हा पैसा दान करून टाकू. सोबत्यांना ते पटेना. १९७० च्या मे महिन्यात तो बँड सोडून गेला.

याला वैराग्य म्हणावे, असा मोह मला होतो. पण नंतर कित्येक वर्षे त्याला मनोविकाराने छळले. मग दानाची इच्छा हे त्या आजाराचेच लक्षण म्हणायचे? तेही माझ्याने म्हणवत नाही. आजारी माणसाचे औदार्यही औदार्यच असते.

१९७७ साली ‘रूमर्स’ने बँडला अफाट वैभव दिले, तेव्हा पीटर त्यात नव्हता. २०२० साली तो वारला. बँडचे नाव मात्र त्याने ठेवले तेच राहिले.