अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आजीची ऊब

आजींनो, सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगी चरबी फार थोडी असते. ते पाहता पाहता गार पडते आणि गार पडलेले बाळ दूध ओढीनासे होते. म्हणून न्हाऊमाखू घालण्याची घाई नको. आशाताई किंवा डॉक्टर सांगतील तेव्हाच अंघोळ. बाजेखालची शेगडीही नको. तिचा धूर त्या कोवळ्या फुप्फुसांना सोसवत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घडविले. ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर घरीच वेळेवर उपचार, ही त्यांची शिदोरी. पूर्वी तेथे अपुऱ्या दिवसांच्या शंभरांतील सुमारे तेहतीस बाळे दगावत. पुढे ते प्रमाण दहावर आले. आज देशभरातील आशाताईंच्या गृहभेटींमागे हाच अनुभव आहे.

बाळाला टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरावे, वरून पांघरूण घ्यावे. आई थकली की तुम्ही धरा. खोकला-ताप असेल तर मात्र दुसऱ्या कोणी धरावे. बाळाने दूध सोडले, पोट गार लागले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि वाटेतही बाळ छातीशीच ठेवा.