रिकाम्या पुंगळीची गोष्ट : एक छिद्र की दोन?

१/ बंदूक झाडल्यावर गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी चेपून निकामी होते. मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. ती कचरा मानायची की भांडवल, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. एकोणिसाव्या शतकात मात्र शिकारी, जमाती, सेना आणि सरकारे या सर्वांचाच त्याच्याशी संबंध आला. #थ्रेड #इतिहास

२/ ठासणीच्या बंदुकीच्या काळात असा प्रश्नच नव्हता. बंदूकधारी आपली गोळी आपणच घडवी. चुलीवर शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, दारू मापून नळीत घालायची आणि वरून गोळी गजाने ठासायची. सोरा, गंधक व कोळसा यांपासून दारू करण्याची विद्याही दूरवर पसरलेली होती. बंदूक चालती ठेवण्यासाठी मोठ्या कारखान्याची गरज नव्हती.

३/ काडतूस दुसऱ्याने भरलेले असले की काय होऊ शकते, हे हिंदुस्थानने १८५७ मध्ये पाहिले. एनफिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसाला कोणती चरबी लावली आहे, हे शिपायाला दिसत नव्हते. ते दातांनी तोडावे मात्र त्यालाच लागे. जानेवारीतच सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली. पण तोवर विश्वास उडाला होता.

४/ पुढच्या दशकात कागद मागे पडून धातूचे काडतूस आले. गोळी, दारू आणि टोपी एकाच पुंगळीत बंद झाली. पावसाची भीती सरली, बंदूक भरण्याचा वेग कितीतरी वाढला. परंतु या सोयीबरोबर परावलंबनही आले. असे काडतूस चुलीपाशी बसून सहज घडवता येत नव्हते.

५/ १८६६ मध्ये टोपीच्या दोन रचनांची पेटंटे निघाली. एक अमेरिकेच्या हायरम बर्डन यांची, दुसरी इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांची. टोपीतले स्फोटक पेटायचे तर त्यावर आघात व्हावा लागतो आणि आघाताला मागून आधार लागतो. या आधाराला कारागीर ऐरणच म्हणतात. बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्या तळाशी घडवली, बॉक्सर यांनी ती टोपीच्या आत बसवली.

६/ फरक एवढाच. पण बर्डनच्या पुंगळीत ऐरण मधोमध आल्याने ठिणगी आत जाण्यासाठी तिच्या बाजूंना सहसा दोन बारीक छिद्रे ठेवावी लागत. बॉक्सरच्या पुंगळीत मध्यभागी एकच छिद्र पुरे. त्या छिद्रातून सळई घालून ठोकली की वापरलेली टोपी बाहेर पडते. दोन छिद्रांच्या पुंगळीत हे काम किचकट होते.

७/ पुढे गंमत अशी झाली की अमेरिकन बर्डनची टोपी युरोपीय सैन्यांत रुजली आणि इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेत. बॉक्सरच्या टोपीची पुंगळी घरच्या घरी पुन्हा भरता येणे, हे तिच्या अमेरिकेतील लोकप्रियतेचे एक मोठे कारण. सैन्याला पुंगळ्या पुन्हा भरत बसण्याची गरज नव्हती. दुकानापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला ती होती.

८/ त्या माणसासाठी हातअवजारे निघाली. विंचेस्टर कंपनी १८७० च्या दशकातच बंदुकीबरोबर पुनर्भरणाची अवजारे विकत होती. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये आयडियल ही कंपनी काढली. तिचे सांडशीसारखे अवजार खोगिराच्या पिशवीत मावे. टोपी काढणे, नवी बसवणे, गोळी पुंगळीत दाबणे ही कामे त्याने होत. काही नमुन्यांना तर गोळीचा साचाही जोडलेला असे.

९/ अवजार साधे असले तरी काम निष्काळजीपणाचे नव्हते. त्यात यंत्राचा वाटा थोडा आणि माणसाच्या लक्षाचा मोठा. एका पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली तर बंदूक हातातच फुटू शकते. ओतीव शिशात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळून अंगावर येते. ही विद्या शिकवणाऱ्यांनी म्हणूनच शिस्तीवर भर दिला : एका वेळी एकच काम, आणि प्रत्येक पुंगळी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढे जायचे नाही.

१०/ या स्वावलंबनाची एक काळी बाजू आहे. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातडीचे कारखान्यांत मोल वाढले आणि अमेरिकेच्या गवताळ मैदानांत शिकाऱ्यांच्या टोळ्या उतरल्या. दारूची पिंपे आणि शिशाच्या कांबी गाड्यांतून सोबत येत. दिवसा शिकार करायची आणि रात्री शेकोटीपाशी त्याच पुंगळ्या पुन्हा भरायच्या. कोट्यवधींच्या घरात असलेल्या बायसनपैकी १८८९ मध्ये विल्यम हॉर्नाडे यांच्या मोजणीत १,००० च्या आसपासच उरले होते.

११/ ज्यांचे जगणे त्या बायसनवर अवलंबून होते, त्या मूळनिवासी जमातींनीही पुंगळीचे मोल ओळखले. त्यांच्याकडे कारखाना नव्हता. तरीही ठासणीच्या बंदुकीची जुनी टोपी वापरून पुंगळ्या पुन्हा भरण्याची युक्ती त्यांनी साधली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकी सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, लढणाऱ्या जमातींच्या हाती धातूची काडतुसे पडू नयेत असा ठराव अमेरिकी संसदेने केला.

१२/ दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, हिंदुस्थानात व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. त्यातली ‘दारूगोळ्या’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. तयार काडतुसेच नव्हे, तर टोप्या, काडतुसांचे सुटे भाग आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. शिसे, गंधक आणि सोरा मात्र वगळले आहेत. म्हणजे कच्चा माल बाजारात मिळेल, पण त्याचे काडतूस करण्याचे साधन परवान्याखाली.

१३/ या कायद्याच्या परवान्यातून युरोपीयांना सूट होती, सर्वसामान्य हिंदी माणसाला नव्हती. या भेदाविरुद्ध काँग्रेसने वारंवार ठराव केले. इकडे पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून सरकारी दारूगोळा कारखाना उभा होता. काडतुसे याच भूमीवर होत, पण ती कोणाच्या हाती जातील हे येथील लोक ठरवत नव्हते.

१४/ विसाव्या शतकात अमेरिकेत ही विद्या छंद म्हणून टिकली. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी लाकडी हातोडीने ठोकून वापरायचा एक छोटा संच बाजारात आणला. ना वीज, ना मोठे यंत्र. शेकोटीपाशी बसलेल्या शिकाऱ्याला त्यातले जवळजवळ प्रत्येक काम ओळखीचे वाटले असते.

१५/ पुंगळीच्या तळाचे ते छिद्र तीळभर. त्याने एका माणसाला कारखान्याच्या मेहेरबानीतून सोडवले आणि त्याच माणसाच्या हातून एक प्राणी नामशेष होण्याच्या काठावर नेला. सरकारांनी मात्र त्याचा अर्थ फार लवकर ओळखला होता. बंदूक कोणाजवळ आहे एवढे विचारून ती थांबली नाहीत. झाडून रिकामी झालेली पुंगळी पुन्हा कोण भरू शकतो, हेही त्यांनी विचारले.