बिनरंगी दोरोरो

जुन्या वस्तूची बाजू घेणाऱ्या माणसाची आपल्याकडे मोठी पंचाईत होते. तो बोलू लागला की लोक त्याच्या पिकल्या केसांकडे पाहतात आणि समजूतदारपणे हसतात. म्हणून आरंभीच सांगून टाकतो: १९६९ सालच्या ‘दोरोरो’ची वकिली मी करणार आहे, ती त्याचे वय पाहून नव्हे. वय हाच गुण असता तर आमच्या माळ्यावरचा गंजका स्टोव्हही देवघरात जाऊन बसला असता!

‘दोरोरो’ ही मुळात ओसामु तेझुका यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती १९६७ ते १९६९ या काळात प्रसिद्ध झाली. तेझुका शिक्षणाने डॉक्टर. आणि शरीराविषयी या डॉक्टरने रचलेली गोष्ट ऐकून अंगावर काटा उभा राहतो. यादवीच्या काळातला दाइगो कागेमित्सु नावाचा एक सरदार सत्तेच्या हव्यासापोटी ४८ दैत्यांशी सौदा करतो. मोबदला कोणता? अजून जन्माला न आलेल्या स्वतःच्या मुलाच्या शरीराचे ४८ भाग! हात, पाय, डोळे, कान यांवाचून जन्मलेले ते बाळ नदीत सोडून दिले जाते. आपल्याला येथे कर्ण आठवल्यावाचून राहत नाही. पण कर्णाजवळ निदान कवचकुंडले होती. या पोराजवळ स्वतःचे हातसुद्धा नाहीत. एक कनवाळू वैद्य त्याला वाढवतो, कृत्रिम अवयव करून देतो. तोच हा ह्याक्किमारू. मोठा झाल्यावर तो एकेक दैत्य मारतो आणि एकेक अवयव परत मिळवतो. सोबतीला दोरोरो नावाचे एक अनाथ, चोरटे आणि विलक्षण तोंडाळ पोर.

या कथेवर २०१९ साली २४ भागांची नवी ॲनिमे मालिका निघाली. ती देखणी आहे, यात वाद नाही. पण तिच्या झगमगाटात मुशी प्रॉडक्शनची, गिसाबुरो सुगिइ यांनी दिग्दर्शित केलेली २६ भागांची जुनी मालिका अगदीच कोपऱ्यात गेली. माझ्या भाच्याला ती लावून दिली, तर दोन मिनिटांत त्याचा निकाल आला, “मामा, याला रंगच नाहीत!”

नाहीत खरे. आधी नमुना म्हणून केलेली छोटी फिल्म रंगीत होती. मालिका मात्र काळी-पांढरी निघाली. मला हे त्या मालिकेचे भाग्य वाटते. रंगीत चित्रात रक्त लाल दिसते आणि आपण ‘हे रक्त’ म्हणून मोकळे होतो. येथे रक्तही काळे, चिखलही काळा आणि जळक्या गावाची राखही काळीच. कुठे काय सांडले आहे, ते आपल्यालाच ओळखावे लागते. भीती नेमकी त्या ओळखण्यात असते.

शिवाय या मालिकेतले खरे भय दैत्यांचे नाहीच. ते भुकेचे आहे. दोरोरोच्या आईबापांची हकीकत पाहा. गरिबांना पेज वाटली जात असते. या माउलीजवळ भांडे नाही. ती ओंजळ पुढे करते आणि कढत पेज उघड्या हातांत घेते, पोरासाठी! दैत्याचे अक्राळविक्राळ तोंड मी दुसऱ्या दिवशी विसरतो. ती ओंजळ विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. नव्या मालिकेत त्या सौद्यामुळे सरदाराचा मुलूख सुखी होतो. म्हणजे एका पोराचा बळी देऊन हजारांचे पोट भरले तर बिघडले कोठे, असा पेच उभा राहतो. पेच हुशारीचा आहे. पण त्यामुळे बापाला एक सबब मिळते. जुन्या दाइगोला सबब नाही. त्याला सत्ता हवी होती, आणि ती त्याने पोटच्या पोराच्या किमतीत घेतली. मुलांच्या सुखाच्या नावाखाली आपलीच हौस भागवणारे बाप मी अनेक पाहिले आहेत. त्यांच्यासमोर हा निर्लज्ज दाइगो उभा करावासा वाटतो.

दोष नाहीत असे नाही. चौदाव्या भागापासून मालिकेचे नाव ‘दोरोरो आणि ह्याक्किमारू’ असे झाले आणि कथेचा सूरही जरा हलका झाला. पण तेझुकांची चित्रकथा सगळे दैत्य संपण्यापूर्वीच आवरती झाली होती. मालिकेने मात्र शेवट गाठला. त्यासाठी मुलाला बापासमोर शस्त्र घेऊन उभे राहावे लागले, तरी ती कचरली नाही. रंगांवाचून चालते; शेवटावाचून गोष्टीचे चालत नाही.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत एखाद्या रात्री ही मालिका अवश्य पाहा. मात्र फराळाची बशी हातात घेऊन बसू नका. ती ओंजळ पडद्यावर आली, की चकली घशाखाली उतरत नाही.