आजोबांचे कपाट आणि माझी एक चूक

१. तीन वर्षांपूर्वी याच ठिकाणी मी एक थ्रेड लिहिला होता. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा नसून १६२७ चा आहे आणि ‘खरी तारीख’ आपल्यापासून दडवली गेली, असे मी त्यात ठामपणे सांगितले होते. पुरावा म्हणून एका जुन्या पुस्तकाच्या पिवळ्या पानाचे छायाचित्र जोडले होते. तो थ्रेड पुष्कळ फिरला. आज लिहितो आहे ते त्याचे प्रायश्चित्त समजावे.

२. त्या वेळी एका वाचकाने एवढेच विचारले होते, ‘हे पुस्तक छापले केव्हा?’ मी उत्तर दिले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. आजोबांच्या कपाटातल्या त्या पुस्तकाची पहिली काही पाने गळून गेली होती. पान जुने आहे, म्हणजे मजकूर खरा असणार, एवढ्यावरच माझा सारा युक्तिवाद उभा होता.

३. गेल्या दिवाळीनंतर साताऱ्याचे आमचे घर रिकामे करायचे ठरले. काकांनी रद्दीवाल्याला रविवारी बोलावले होते. मी शुक्रवारी रात्री पोहोचलो. सागवानी कपाट, सहा फळ्या, सुमारे चारशे पुस्तके आणि हाताशी दोन दिवस. काय ठेवायचे आणि काय जाऊ द्यायचे, याचा निर्णय मला घ्यायचा होता.

४. आजोबा पोस्टात कारकून होते. इतिहासकार नव्हते, पण त्यांची भूक मोठी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, केतकरांच्या ज्ञानकोशाचे सुटे खंड, तुळपुळ्यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’, इरावतीबाईंचे ‘युगान्त’, शेजवलकरांचे ‘पानिपत’, सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे काही भाग, आणि मधेच पंचांगांचा एक गठ्ठा. इतकी पंचांगे कशासाठी, हे कोडे मला लहानपणापासून होते.

५. शनिवारी सकाळी पुस्तके विषयवार लावू लागलो. दुपारपर्यंत घोळ वाढतच गेला. मग सारे जमिनीवर ओतले आणि वेगळा क्रम धरला: जे पुस्तक आधी छापले ते डावीकडे, जे नंतर ते उजवीकडे. प्रत्येकाचे पहिले पान उघडायचे, प्रकाशनाचे वर्ष पाहायचे आणि मगच जागा द्यायची. मित्रांनो, या एका खटाटोपाने मला जे शिकवले ते पूर्वीच्या वाचनाने शिकवले नव्हते.

६. सर्वांत डावीकडे ग्रँट डफच्या इतिहासाची पुनर्मुद्रित प्रत आली. मूळ ग्रंथ १८२६ चा. हा गृहस्थ सातारा दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. दप्तरे त्याच्या हाताशी होती आणि मराठ्यांचा सलग इतिहास लिहिण्याचा पहिला मोठा प्रयत्न त्याचाच. त्याच्या ग्रंथात शिवरायांचा जन्म मे १६२७ मध्ये, शिवनेरीवर.

७. हे साल त्याने कल्पनेने रचले नव्हते. उत्तरकालीन बखरींत शके १५४९, महिना वैशाख, असा उल्लेख येतो. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर त्यांतलीच. पण ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. शिवाय तिथीबाबत या बखरींचे आपसांत एकमत नाही. तरीही हाती दुसरे साधन नव्हते, म्हणून तेच साल पुस्तकांतून पुढे चालत राहिले.

८. ग्रँट डफला पहिला जाहीर जाब विचारला तो १८६० च्या दशकात, डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने. त्याने या ग्रंथावर निबंध लिहून त्यातील उणिवा दाखवल्या. तुमच्या-माझ्या वयाच्या मुलाने प्रमाणभूत मानल्या गेलेल्या इंग्रज इतिहासाची तपासणी केली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

९. तेथून उजवीकडे सरकले की पुस्तकांचा स्वभावच बदलतो. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि जुनी पत्रे, बखरी छापून येऊ लागल्या. मिरजेत शिक्षकी करीत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनी दप्तरातील कागद प्रसिद्ध करू लागले. १८९८ मध्ये राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड आला, आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आता पुस्तके हकीकत सांगून थांबत नव्हती, मूळ कागदच वाचकापुढे ठेवीत होती.

१०. याच ओघात १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘जेधे शकावली’ प्रसिद्ध केली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी जपलेली ही नोंदवही. शकावली म्हणजे सालवार टिपणे: अमुक शक, अमुक महिना, अमुक तिथी, अमुक घटना. अलंकार नाहीत, गुणगान नाही. तीत जन्माची नोंद आहे ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार.

११. येथे थोडे गणित करू. शकाचे इसवी सन काढताना साधारणतः ७८ मिळवतात. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे फाल्गुन येईपर्यंत इसवी सन बदललेला असतो आणि ७९ मिळवावे लागतात. १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. तारीख येते १९ फेब्रुवारी, तीही जुन्या ज्युलियन गणनेनुसार. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. आणि तो वार शुक्रवारच येतो. वार जुळणे ही छोटी गोष्ट नव्हे. नंतर कोणी मनाने तिथी रचली असती, तर वार सहज चुकला असता.

१२. तरीही एका नोंदवहीवर विसंबून चालत नाही. पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून सदाशिव महादेव दिवेकर यांना परमानंदाचे ‘शिवभारत’ मिळाले आणि १९२७ मध्ये ते छापले गेले. हे संस्कृत काव्य महाराजांच्याच काळातले. त्यातही शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील कुंडलीही याच जन्मतिथीशी जुळते.

१३. आता भूगोल डोळ्यांपुढे आणा. मावळातील देशमुखांची वही, तंजावरची संस्कृत पोथी आणि मारवाडातील कुंडली. तीन दिशा, तीन प्रकारची माणसे, लिहिण्याची तीन वेगळी कारणे. एकमेकांची नक्कल करण्याची शक्यता फार थोडी, आणि तिथी मात्र एकच. याला पुराव्याचे वजन म्हणतात. तरी विद्वानांतील वाद दीर्घकाळ चालला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये.

१४. तीन वर्षांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. स्वराज्याच्या पहिल्या हालचाली १६४५-४६ च्या सुमाराच्या. जुने साल धरले तर तेव्हा महाराज एकोणिसाच्या घरात होते, नवे धरले तर पंधरा-सोळा वर्षांचे. मग जिजाऊंचा आणि भोवतीच्या कारभाऱ्यांचा वाटा किती, हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडावा लागतो. ३ एप्रिल १६८० ला त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे पन्नास होते. ही माहितीही याच हिशेबावर उभी आहे.

१५. शनिवारी रात्री ते मुखपृष्ठ हरवलेले शिवचरित्र हाती आले. माझा पराक्रम ज्या पानावर उभा होता ते पान उघडले. १६२७ चा आकडा जागेवर होता. मी त्या वेळी पानाचा वरचा भागच टिपला होता. खाली, समासात, शिसपेन्सिलीने आजोबांचे बारीक अक्षर होते: ‘१५५१. जेधे पाहा.’

१६. पंचांगांच्या गठ्ठ्याचे कोडेही तेव्हाच सुटले. त्यांत वह्यांची पाने होती, आणि त्यांवर तिथींवरून तारखा काढण्याची पोस्टातल्या हिशेबासारखी स्वच्छ आकडेमोड. कोणालाही न दाखवता, कोठेही न छापता, या माणसाने आपल्यापुरते ताडून पाहिले होते. त्यांच्या नातवाने त्याच पुस्तकाचे अर्धे पान हजारो लोकांना दाखवले होते.

१७. रविवारी रद्दीवाला आला तेव्हा त्याला वर्तमानपत्रांची चळत आणि फुटलेल्या बांधणीच्या मासिकांच्या दुहेरी प्रती दिल्या. सुमारे दोनशे पुस्तके गावातील वाचनालयाने स्वीकारली. उरलेली माझ्या खोलीत आहेत, त्याच छपाईच्या क्रमाने. १६२७ वाले चरित्रही ठेवले आहे. ते टाकून दिले असते तर चूक कशी झाली आणि कशी उमगली, याचा मागच पुसला गेला असता.

१८. मित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे कपाट असेल. त्यातले पुस्तक काढाल तेव्हा आधी पहिले पान पाहा. लेखक घटनेपासून किती वर्षे दूर आहे ते मोजा. तो सांगतो ते त्याला कोठून कळले, हे विचारा. त्याच्यानंतर कोणते कागद सापडले, ते शोधा. आणि छायाचित्र काढायचेच असेल तर समासासकट काढा.

१९. जुना थ्रेड मी खोडलेला नाही. त्याच्या माथ्यावर दुरुस्ती लिहून या थ्रेडचा दुवा जोडला आहे. ज्या वाचकाने तेव्हा ‘छापले केव्हा?’ असे विचारले होते, त्यांनाही उत्तर पाठवले: ‘ठाऊक नाही. तेव्हाही नव्हते, आणि तेच मी तेव्हा सांगायला हवे होते.’