शिरोली ते शिरोडा

शिरोली आणि शिरोडा यांत फरक तो कितीसा? एका अक्षराचा. पण एका आकड्याचा फरक पडला की रात्री आठपर्यंत रोकड जुळत नाही, हे वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आमची शाखा शिरोली एमआयडीसीत, फौंड्र्यांच्या गराड्यात. वाळूला इथे तोटा नाही. साच्यांसाठी ती ट्रक भरभरून येते, ओतकाम झालं की काळी होऊन बाहेर पडते आणि जाता जाता माझ्या चष्म्यावर, रजिस्टरवर, डब्यातल्या भाकरीवर मुक्काम करते. आवाजाचं तर विचारूच नका! एकीकडे हायवे, दुसरीकडे कास्टिंग घासणारे ग्राइंडर. खातेदार ओरडून बोलतो, मी ओरडून उत्तर देतो आणि घरी जाऊन त्याच पट्टीत चहा मागतो. शेवटी एका रात्री आमची ही म्हणाली, ‘‘जिथं ओरडायला लागत नाही अशा जागी दोन दिवस न्या. नाहीतर मी एकटी जाते.’’

पावसाळा सरल्यावरचा दुसरा शनिवार गाठला. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत एसटीनं शिरोडा. वि. स. खांडेकर इथल्या शाळेत १९२० पासून शिक्षक होते, १९३८ साली ते कोल्हापूरला आले. ‘‘एवढा मोठा माणूस हे गाव सोडून आपल्याकडे आला, म्हणजे बघ!’’ मी म्हणालो.

‘‘ते एमआयडीसीत राहत नव्हते,’’ ही म्हणाली.

मिठागरं पाहिली. १९३० साली मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा काय गर्जना झाल्या असतील! आता तिथं फक्त बगळे होते. तिथून वेळागरच्या सुरूच्या बनातून वाळूवर उतरलो. समोर समुद्र, एक होडी आणि एक कुत्रं. बाकी कुणी नाही.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मला ती शांतता सोसेना. कानात ग्राइंडर चालूच. ‘‘वा! काय शांत आहे!’’ मी ओरडलो. कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. ही मात्र अर्धा तास काही बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. रागावलेली नसताना गप्प बसलेली ही मी प्रथमच पाहिली. मग मीही गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी जेवण वाढता वाढता खानावळवाल्यानं विचारलं, ‘‘तुमी बँकेत आसात मां? हयसर दोन रूम बांदूचे आसत. लोन गावात काय?’’

माझा घास अडकला. दोन खोल्यांच्या चार होणार, चारांवर पाटी, पाटीवर दिवे, दिव्याखाली स्पीकर! ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ हा आमचा कुलमंत्र अगदी ओठांवर आला.

‘‘झील मुंबयक आसा,’’ तो सोलकढी ओतत म्हणाला. ‘‘हयसर काम नाय, म्हणान गेलो. रूम झाले तर परत येतलो म्हणता.’’

ही माझ्याकडे बघत होती. आम्हाला दोन दिवस फुकट मिळालेली शांतता या माणसाला पोरगं देऊन पडली होती. खिशातल्या स्लिपच्या पाठीमागे मी सगळं क्रमानं लिहून दिलं : सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीची परवानगी, किनाऱ्याच्या नियमांची नाहरकत. वर तोंडी सल्ला, ‘‘पुढच्या आठवड्यात या म्हणाले तरी खुर्चीवरून उठू नका.’’ आमच्या धंद्यातलं हे गुपित मी प्रथमच फोडलं.

सोमवारी शिपायानं विचारलं, ‘‘सायेब, बुटात एवढी वाळू कुठली?’’

‘‘फौंड्रीची,’’ मी म्हणालो.

‘‘पांढरी?’’

मी पंखा मोठा केला.

तुम्हाला म्हणून सांगितलं. कुणाला सांगू नका. सांगितलंतच तर स्पीकर घरी ठेवून जा म्हणावं, आणि जेवायला त्याच्याकडेच. त्याचा हप्ता सुरू व्हायचाय.