कार्ब्युरेटर निर्दोष आहे

संपादकांची मागणी साधी होती. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीवर लिहा, पण वाचकाला कळेल असं लिहा, फार तांत्रिक नको. शाहूपुरीत गॅरेज चालवणाऱ्या प्रस्तुत लेखकाने होकार दिला खरा. पण तांत्रिक भाग वगळून कार्ब्युरेटरवर काय लिहायचं, हे संपादकांनी सांगितलं नाही. म्हणून नुकतीच हातावेगळी झालेली एक गाडीच इथे मांडलेली बरी.

गाडी महिंद्राची एफसी-१५०. बसकं तोंड, मागे छोटा हौदा, आणि ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्येच इंजिन. जीपचाच हा ट्रकभाऊ. मूळ इंजिन हरिकेन पेट्रोल, चार सिलिंडर, २१९९ सीसी. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची जुनी रचना. गुळाच्या अडतीवर राबलेल्या या गाडीत मधल्या काळात कुणीतरी २११२ सीसीचं प्यूजो डिझेल बसवलं होतं. आता मालकांच्या नातवाला आजोबांच्या काळातली गाडी हवी होती, म्हणून डिझेल उतरवून भंगारातून सोडवलेलं हरिकेन पुन्हा चढवलं. काम दुसऱ्या एका गावात झालं होतं. प्रस्तुत लेखकाकडे गाडी आली ती तक्रारीसकट : "मिस्त्री, चालू बेस्ट होते वो, पण वाघबिळाच्या चढाला जीवच सोडते."

डिझेल काढून पेट्रोल घालणं म्हणजे कोल्हापुरात उलटी गंगाच. १८९५ साली वसलेल्या शाहूपुरीने गुळाच्या बाजारपेठेत आधी बैलगाड्या पाहिल्या, मग पेट्रोलवर चालणारे अमेरिकन आणि इंग्लिश ट्रक पाहिले, आणि मग त्याच ट्रकांच्या पोटात डिझेल इंजिनं बसताना पाहिली. मद्रासच्या सिम्प्सनने बांधलेलं सहा सिलिंडरचं पर्किन्स पी-सिक्स हे त्यातलं नावाजलेलं. ऑइल इंजिनं स्वतः ओतून, घडवून विकणाऱ्या या गावाला इंजिनाची अदलाबदल कधी अवघड वाटली नाही. बेलहाउसिंगला जोडपट्टी करायची, फ्लायव्हील लेथवर घ्यायचं, माउंटिंग वेल्ड करायचं, की झालं. ही कामं इथे आजही नजर लागावी अशी होतात. घोडं अडतं ते इंजिन बसल्यानंतर.

नव्या जागी बसलेलं इंजिन नीट ओढलं नाही, की पहिला आरोप कार्ब्युरेटरवर. घरात काही हरवलं की नव्या मोलकरणीकडे बघावं, तसं. या एफसीचा सोलेक्सही त्याच न्यायाने दोनदा खोलला होता, एकदा बदलला होता, आणि बदललेल्यात मेन जेट मोठा घातला होता. तरी चढाला गाडी ढिम्म. मग मालकांना कुणीतरी शेवटचा निवाडा ऐकवला : हे इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुन्या गाड्या आता संपल्या.

इथे थोडं सविस्तर लिहावंच लागेल. संपादकांनी क्षमा करावी.

पेट्रोल पुरतं जळायला वजनाने एकास साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्याला नऊ भाग पुरतात. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला, म्हणजे ई-२० ला, साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. पितळी जेटला जेवढं भोक तेवढंच इंधन. म्हणून ई-२० वर जुनी गाडी हवेच्या मानाने आठेक टक्के उपाशी चालते. यावर इलाज आहे, आणि तो स्वस्त आहे. सोलेक्सच्या जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहिलेला असतो. समजा १२० चा जेट आहे. तो काढून १२५ चा घातला, की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढलं. हिशेब जवळजवळ मिटला. इथेनॉलमध्ये मुळात ताकद कमी असल्याने लिटरमागे काही टक्के मार बसतो, तो बसतोच; पण गाडी त्याने बंद पडत नाही.

इथेनॉलचे खरे अपराध वेगळे आहेत. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा ते फुगवतं. टाकीत पाणी असेल तर ते ओढून घेतं. तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमधून जेटपर्यंत आणतं. डिझेलवर चाललेल्या टाकीत हा त्रास दुप्पट. टाकी न उघडता पेट्रोल ओतणाऱ्याने इथेनॉलला शिव्या देऊ नयेत.

पण ज्या माणसाला हा वाद घालायचा आहे, त्याने आधी प्लग काढून बघावा. इंधन कमी पडलेला प्लग पांढुरका दिसतो. या एफसीचे चारही प्लग काजळीने काळे होते. म्हणजे इंधन कमी नव्हतं, जास्त होतं, मोठ्या जेटच्या कृपेने. काळा प्लग हातात घेऊन ई-२० ला दोष देणं म्हणजे साक्षीदार समोर उभा असताना त्याला काही न विचारणं. ई-२० ची सक्ती नको, बिनइथेनॉलचं पेट्रोलही मिळावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्या आठवड्यात गॅरेजमध्ये कामापेक्षा चर्चाच जास्त झाली. गंमत अशी, की तावातावाने बोलणाऱ्यांतले निम्मे लोक आपला ऊस कारखान्यालाच घालतात, आणि बिल वेळेवर निघावं म्हणून त्याच इथेनॉलकडे डोळे लावून बसतात.

तर मग एफसीचं काय? आधी व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगवर १७ ते २१ इंच दाखवतं. हजार फुटांमागे इंचभर कमी धरायचं. कोल्हापूर अठराशे फुटांच्या आसपास, म्हणजे इथे पंधरा-सोळा इंचांना घाबरायचं कारण नाही. पुस्तकातला आकडा बघून इथले किती व्हॉल्व्ह उगाच ग्राइंड झाले असतील! एफसीची सुई सोळावर स्थिर होती. फ्लँजच्या गॅस्केटकडेने तेलाची पिचकारी मारून पाहिली, आवाज बदलला नाही. हवा कुठे चोरली जात नव्हती. पॉइंटचा गॅप वीस थाउ, कंडेन्सर ठीक, टायमिंग ठीक. इंजिनची अर्थ पट्टी मात्र बसवलेलीच नव्हती. स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून परतत होता आणि केबलचं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. इंजिन बदललेल्या गाड्यांत हे नेहमी सापडतं. पट्टी लावली, स्टार्ट सुधारला, चढ तसाच.

मग इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर उतरवला. पोराला केबिनमध्ये बसवून पॅडल तळाला दाबायला लावलं आणि बॅटरी घेऊन कार्ब्युरेटरच्या घशात पाहिलं. पॅडल पूर्ण तळाला, आणि थ्रॉटलची गोल पितळी पाकळी अर्धवट तिरकी. उभी होतच नव्हती! डिझेलच्या पंपाची दांडी थोड्याशा हालचालीत पूर्ण फिरते. कार्ब्युरेटरची पाकळी उभी व्हायला पाऊण काटकोनाहून जास्त फिरावं लागतं. इंजिन बदलणाऱ्याने इंजिन बदललं, पॅडलपासूनच्या सळ्या आणि मधला बेलक्रँक डिझेलचाच ठेवला. सपाटीला अर्धा थ्रॉटल पुरत होता, चढाला नाही. बेलक्रँकच्या एका हाताला नवं भोक पाडलं, सळी अर्ध्या इंचाने सरकवली, जेट खाली आणून ई-२० पुरता ठेवला. वाघबीळ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

मालकांचा चेहरा मात्र पडला. एवढा खर्च झाला आणि शेवटी एक भोक? लोकांना मोठा बिघाड हवा असतो. सांगण्यासारखा. भोक पाडण्याचे पैसे मागायला प्रस्तुत लेखकालाही जड गेलं, हे खोटं कशाला सांगा. पण कुठे पाडायचं, हे कळण्याचे पैसे असतात, ते मागितले आणि मिळाले.

यापुढे हे काम किती दिवस? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला. गॅरेजमध्ये शिकायला येणारी पोरं हुशार आहेत. स्कॅनर लावतात, कोड वाचतात, इंजेक्टर झटक्यात शोधतात. ज्या गाडीला कोडच नाही, तिच्यापुढे ती गप्प होतात. त्यांचा दोष नाही. पोट कशावर चालणार हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यातल्या एकाने परवा व्हॅक्यूम गेज मागून घेतला आणि अजून परत केलेला नाही. मागितलाही नाही.

इंजिन बदलायचा विचार असलेल्या वाचकांना एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घ्या, आणि इंधन बदलत असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्या. इलेक्ट्रिक पंप घालायचाच असेल तर इंजेक्शनच्या गाडीचा घालू नका. त्याचा दाब कार्ब्युरेटरच्या सुईला झेपत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. एफसीत तर ते इंजिन तुमच्या मांडीशेजारी असतं. जुनं इंजिन उतरवताना त्याच्या सळ्या, बेलक्रँक, स्प्रिंगा आणि अर्थची पट्टी भंगारवाल्याला देऊ नका. पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून सीटखाली ठेवा. कारण कार्ब्युरेटर आजही मिळतो, त्या सळ्या मिळत नाहीत.